आरामखुर्चीचा नवा हात

कोणतीही जुनी खुर्ची समोर आली की आमचे मिस्त्री ती आधी उलटी करत. "वरून समदेच पावडर लावतेत. खालून बघा," असं म्हणत. तुम्हीही जुनं सामान विकणारे पाहिले असतील. पण गिऱ्हाइकाला आधी खोट दाखवणारा विरळाच. गेल्या वर्षी ते गेले.

धारूरच्या बाजारामागे त्यांचं जुन्या फर्निचरचं दुकान होतं. मी शेजारच्या गल्लीतला, घरातला पहिला पदवीधर. नोकरी शोधत होतो तेव्हा शहरातून त्यांच्या मोबाईलवर येणारे प्रश्न मी वाचून दाखवी आणि उत्तरं लिही. चारचौघांत ते मला 'बीए साहेब' म्हणत.

"अँटिक आणि व्हिंटेज यांत फरक काय, विचारतायत."

"शंभर वर्षांच्या पुढं अँटिक, अलीकडं व्हिंटेज. ढेकणं दोन्हीत सारखीच. ढेकणाचं लिहू नका."

"आणि विनीअर?"

"वरून सागाचं पातळ कातडं, आत कायबी."

मी हे सगळं वहीत उतरवून घेत असे.

एकदा पुण्याच्या एका बाईंनी सागवानी आरामखुर्चीबद्दल विचारलं, "सगळे भाग मूळचेच आहेत ना?" खुर्चीचा उजवा हात मिस्त्रींनी स्वतः घडवला होता आणि मला तसं सांगितलंही होतं. पण दोन महिने दुकानातून काही हललं नव्हतं. मी लिहिलं, "हो, सगळे."

बाई टेम्पो घेऊन आल्या. खुर्ची दोरीने बांधून झाली. बाई कौतुकाने म्हणाल्या, "इतकी जुनी, आणि एकही भाग बदललेला नाही!"

मिस्त्री थांबले. "कोण म्हणलं?"

बाईंनी मोबाईल पुढे केला. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ताई, उजवा हात म्या केलाय. लाकूड जुनं हाय, पण मूळचा न्हाई. ह्यांना सांगायचं माझ्याकडून राहिलं."

मी तोंड उघडलं, तोच ते म्हणाले, "बीए साहेब, दोरी सोडा."

बाईंना मूळचीच हवी होती. टेम्पो रिकामा गेला.

खुर्ची आत नेताना मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही मला सांगितलं होतं."

"ठावं हाय."

"मग स्वतःवर का घेतलंत?"

"तुला अजून नोकरी लागायची हाय, बे. खोटं लिहितो असं नाव झालं तर कोण दारात उभं करंल? आता कशापायी तोंड पाडलंस?"

त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. "बघ, आणखी कुणी काय विचारलंय."