राखणीला बसलेली आइनो

परदेशातून चार महिन्यांसाठी आमच्या पुण्याच्या कॉलेजात येणाऱ्या विद्यार्थ्यांची राहायची सोय मी बघते. एरवी हे काम टेबलावरूनच होतं. पण आइनो फिनलंडहून सुकी मासळी शिकायला येणार होती. तिची सोय मी बोर्ली पंचतनच्या पुढे, समुद्राला लागून असलेल्या एका कोळीवाड्यात सुगंधाताईंच्या घरी केली होती. पहिल्यांदाच कुणाला शहराबाहेर ठेवत होते, म्हणून म्हटलं, आपणच पोचवावं आणि तीन-चार दिवस राहून यावं. सोमवारी मला एक फॉर्म भरायचा होता. त्यात प्रश्न एकच: विद्यार्थिनी रुळली का? ‘नाही’ लिहिलं तर तिला कॉलेजच्या वसतिगृहात हलवणार होते, आणि कॉलेजच्या वसतिगृहात कोण बोंबील वाळवतं?

गुरुवारी सकाळी तिला मुंबईच्या विमानतळावरून घेतलं आणि अलिबाग, मुरूड करत आगरदांड्याला पोचलो. तिथून फेरीबोटीत गाडीसकट बसून खाडीपलीकडे दिघीला उतरता येतं, नाहीतर रस्त्याने भलामोठा वळसा पडतो. जाणार असाल तर बोटीची वेळ आधी विचारून ठेवा आणि तिकिटाला सुटे पैसे ठेवा. आमची बोट आमच्या डोळ्यांदेखत सुटली. पुढची येईपर्यंत आम्ही धक्क्यावर वडापाव खाल्ले. एवढ्या प्रवासात आइनो मोजून सात-आठ वाक्यं बोलली होती. मला काळजी वाटली. काही होतंय का, असं विचारलं.

“नाही, छान चाललंय,” ती इंग्रजीत म्हणाली. “आपण दोघी गप्प आहोत.”

सुगंधाताईंच्या दारात वीसेक बाया उभ्या होत्या. आइनोला लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पंख्याखाली बसवलं आणि सगळ्या समोर जमिनीवर बसल्या. दोन तास. जेवायला कोंबडी होती. रात्रीही कोंबडी, शुक्रवारी सकाळी पोह्यांबरोबर उरलेली कोंबडी.

“ताई, ती मासळी शिकायला आलीये,” मी हळूच म्हटलं.

“आमच्याकडं मासळी रोजचीच हाय,” सुगंधाताई म्हणाल्या. “पाव्हणीला काय मासळी घालायची? आन हात लावला तर वास लागंल पोरीला.”

शुक्रवारी आइनो किनाऱ्यावर फिरायला निघाली. मागून दोन बाया निघाल्या, आणि त्यांच्यातली एक डोक्यावर लाल खुर्ची घेऊन. आइनो शिंपला बघायला थांबली की खुर्ची वाळूत मांडली जायची. ती दोनदा भिडेखातर बसली. तिसऱ्यांदा जवळजवळ पळाली. बायाही पळाल्या, खुर्चीसकट.

शनिवारी सकाळी तिने खोलीचं दार आतून लावून घेतलं.

कोळीवाड्यात दिवसाढवळ्या दार लागत नाही. लागलं तर घरात आजार तरी असतो, भांडण तरी. अर्ध्या तासात बाहेर पंधरा बाया बसल्या. सुगंधाताईंनी बोर्लीचा बाजार चुकवला. कुणीतरी डॉक्टरांना आणलं, त्यांच्यासाठी तिने दार उघडलं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, काही झालेलं नाही असं सांगितलं आणि तेही कोंबडी जेवून गेले.

मी आत गेले. बॅग भरलेली होती.

“आमच्याकडे पाहुण्याला एकटं सोडतात,” आइनो म्हणाली. “तो त्याचा मान असतो. मला रोज थोडा वेळ कुणीच नको असतं. ही माणसं इतकी चांगली आहेत की मला इथे राहताच येणार नाही.”

बाहेर येऊन मी शक्य तितक्या गोडीत सांगितलं, की तिला जरा एकटं बसायचंय.

“एकटं?” सुगंधाताईंचे डोळे भरून आले. “आमी काय मेलो काय?”

फॉर्मवर ‘नाही’ लिहायचं, हे मनात पक्कं होत आलं होतं.

घरात आणखी एक बाई होती, जिच्याकडे मी तोवर नीट पाहिलंही नव्हतं. सुगंधाताईंची थोरली नणंद, हिराआते. दिवसभर ती मागच्या खळ्यात असे. तिथे जमिनीवर जाळी पसरून जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घातलेला असतो, आणि कावळे-कुत्री हाकायला कुणीतरी काठी घेऊन राखणीला बसावं लागतं. रविवारी सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, “राखणीला बसंल का ती?”

“पाव्हणीला राखणीला?” सुगंधाताई ओरडल्या. “लोकं तोंडात शेण घालतील माझ्या.”

“घालू दे. राखणीवालीशी कोन बोलाया जात न्हाय. बोलाया लागली की ध्यान जातं, कावळा जवळा नेतो.”

आइनो काठी घेऊन बसली. लाल खुर्ची पहिल्यांदा कामाला आली. पंधरा बाया खळ्याच्या कुडापाशी घुटमळल्या, पण आत एकही गेली नाही, कारण पाहुणीपेक्षा जवळा मोलाचा होता. चार तासांनी ती आली ती नाक लाल झालेली, अंगाला जवळ्याचा वास आणि प्रश्नच प्रश्न. हा कधी उलटायचा, मीठ का नाही लावलं, कुत्रा ओळखीचा असला तरी हाकायचा का? दुपारी तिने सुके बोंबील मागून घेतले. सुगंधाताईंनी कपाळावर हात मारला आणि वाढले. मग आइनो आपणहून बायांमध्ये जाऊन जमिनीवर बसली.

निघताना मी हिराआतेला म्हटलं, “आते, तुमची जागा गेली की.”

“चार म्हयन्यांसाठी दिली,” ती म्हणाली. मग आत पाहत आवाज खाली आणला. “सुगंधा बरी हाय माझी. पन बोलते लय. मंग कावळ्यांकडं बघायला मीच जाते. लय वर्सं झाली.”

सोमवारी फॉर्मवर ‘हो’ लिहिलं. शेऱ्यात लिहिलं, ‘विद्यार्थिनी कावळे हाकते.’ साहेबांनी खुलासा मागवला आहे.

सुगंधाताईंनी मला पिशवीभर जवळा बांधून दिला होता. तो मी गच्चीवर जुन्या साडीवर पसरते आणि शेजारी काठी घेऊन बसते. घरात मुलं आहेत, सासूबाई आहेत, नवरा आहे, सगळे चांगले आहेत. वर कुणी येत नाही. तासाभराने जिन्यातून नवऱ्याची हाक येते, “वाळला का गं?”

“नाही अजून,” मी म्हणते.

आणला तेव्हाच कडकडीत वाळलेला होता.