बाबांचा हार घातलेला फोटो

मी तमिळ सिनेमाच्या सेटवर फोटो काढते. संध्याकाळी कॅमेऱ्यातलं कार्ड कंपनीच्या माणसाकडे द्यायचं आणि घरी जायचं. फोटो मी काढले तरी ते कंपनीचे. काम घेतानाच तशी सही केलेली असते. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

बाबा आवडी नावाच्या गावातल्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, मिशी मात्र जमीनदाराची. एकदा ते मला डबा द्यायला सेटवर आले आणि दिग्दर्शकाला नायकाचे स्वर्गवासी वडील सापडले. भिंतीवर टांगायला फोटो हवा होता. बाबा एका पायावर तयार. त्यांनीही सही केली, मिशीला पीळ दिला आणि बसले. फोटोला हार चढला की त्या माणसाचा लगेच एक हसतानाचा फोटो काढायचा, म्हणजे अपशकुन होत नाही, असा आमच्या सेटवरचा रिवाज. तोही मी काढला.

पुढे बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्याच आठवड्यात एग्मोर स्टेशनबाहेरच्या भिंतीवर मला बाबा दिसले. इथे माणूस गेला की घरचे त्याच्या फोटोचं पोस्टर गल्लीभर लावतात, वर तमिळमध्ये ‘कण्णीर अंजली’, म्हणजे अश्रूंची श्रद्धांजली. कंपनीने सिनेमाची जाहिरात हुबेहूब तशी केली होती. सिनेमाचं नाव खाली, मुंगीएवढं. ओळखीची दोन माणसं तिथेच हात जोडून उभी राहिली असती, तर मी खरं मानलं असतं.

प्रॉडक्शन मॅनेजरला फोन केला. तो अतिशय गोड बोलला. फोटो कंपनीचा आहे, कुठेही वापरता येतो, तुम्हाला मी काय सांगायचं, म्हणाला. त्याचं चूक नव्हतं, म्हणून मला जास्तच भीती वाटली. भांडायला जागाच नव्हती. निदान हॉस्पिटलच्या रस्त्यावरची पोस्टरं तेवढी काढा, म्हटलं. बघतो म्हणाला.

बाबांना ॲडमिट करायला नेताना मी टॅक्सी लांबच्या रस्त्याने घ्यायला लावली. बाबा खिडकीशी बसलेले. प्रत्येक भिंत जवळ आली की मी काहीतरी विचारून त्यांचं तोंड माझ्याकडे वळवत होते. औषधं घेतली का, चष्मा आणला का, पुन्हा औषधं घेतली का. आई माझ्याकडे बघत राहिली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझं मन त्या दिवशी थांबतच नव्हतं.

संध्याकाळी आई चहाला खाली गेली, तेव्हा बाबा म्हणाले, “पूल उतरल्यावर दिसलो मी. छान आलोय गं.”

मी त्यांची चादर सारखी करायला लागले.

“उद्या काही झालं तर तोच लाव. आधार कार्डावरचा नको.”

असं बोलू नका म्हणायचं सोडून माझ्या तोंडून भलतंच गेलं. “बाबा, तो आपला नाही. कंपनीला विचारावं लागेल.”

बाबांनी थोडा विचार केला. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला माणूस.

“मग आजच विचारून ठेव,” ते म्हणाले.

मी फोन घेऊन बाहेर आले. मॅनेजरचा नंबर काढला. परवानगी मिळाली तर उद्या खरंच काही होईल, असं वाटलं. मी फोन लावला नाही. आत जाऊन बाबांना सांगितलं, कंपनी नाही म्हणाली.