मुकी झालेली चित्रं

भिंगरीचे वडील भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. त्यांच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की माल संपेपर्यंत थांबत नसे. अशा माणसाला अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, पण वाचा गेली. समजायचं सगळं, ओठांवर मात्र ‘ते’ सोडून दुसरा शब्द येईना. ‘ते, ते’ करत त्यांनी बोट दाखवलं की आई चप्पल आणून द्यायची, आणि त्यांना नेमकी खिडकी उघडून हवी असायची.

भिंगरी हे नाव त्यांनीच पाडलेलं, कारण ही पोरगी एका जागी कधी टिकलीच नाही. ती एका कंपनीत वेबसाइटचे प्रोग्रॅम लिहायची आणि घरी जेवायचीसुद्धा उभ्यानेच. बोलण्याचा व्यायाम घेणाऱ्या बाईंनी चित्रांचा फलक सुचवला: टॅबलेटवर चित्राला बोट लावलं की त्याचं नाव ऐकू येईल. भिंगरीने झपाटल्यासारखी चित्रं काढली. पाणी, चष्मा, पंखा, खुर्ची, दुखतंय, नको, आईचा चेहरा. सगळी वेक्टर चित्रं. म्हणजे फाइलीत रेषा कुठून कुठे न्यायची याचे आकडे असतात, आणि चित्र कितीही मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत.

पण टॅबलेट जुना. चित्रं रखडत रखडत उमटायची. वडिलांना वाट बघणं माहीतच नव्हतं. ते दोनदा बोट आपटायचे आणि टॅबलेट उशीखाली सारून भिंतीकडे तोंड करायचे.

भिंगरीने एक फाइल उघडून पाहिली. साध्या ग्लासाच्या चित्रात चित्र काढायच्या सॉफ्टवेअरने आपल्या नोंदी, लपलेले थर आणि लांबलचक दशांश कोंबले होते. हे काढायला हवं. त्यासाठी हत्यारं मात्र ढीगभर, आणि इथेच तिच्या पायांना चाकं लागली.

आधी तिने एक वेबपान धरलं. फाइल त्यात टाकायची, पट्टी सरकवायची, हलकी फाइल उतरवून घ्यायची. काम चोख, पण एकेक चित्र. दहाबाराव्या चित्रालाच तिचा धीर सुटला. मग दुसरं, नवं आणि भलतंच वेगवान. त्याने सगळा फोल्डर चुटकीसरशी आटपला, पण आकडे इतके छाटले की आईचे डोळे आणि भुवया एकमेकांत गेल्या. आई चित्राकडे बघून म्हणाली, एवढी काही मी वाईट दिसत नाही. मग भिंगरीने स्वतःच प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि अर्ध्यावर टाकला. एक ना धड, भाराभर चिंध्या.

शेवटी तिने आदेश टाइप करून चालवायचं एक जुनं, बऱ्याच जणांच्या हाताखालून गेलेलं हत्यार घेतलं. चित्रं हलकी झाली, नीटही दिसली. तिने टॅबलेट वडिलांच्या हातात दिला. फलक पटकन उघडला. त्यांनी पाण्याच्या ग्लासाला बोट लावलं. आवाज नाही. पंख्याला लावलं. नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ती तडक बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत शेजारच्या खुर्चीतल्या सहकाऱ्याला तिने विचारलं, यापेक्षा बरं कुठलं आहे का. तो म्हणाला, “अगं, कुठलं चांगलं ते राहू दे. हे काय काय फेकतं, ते वाचलंस का?”

तिने वाचलं नव्हतं. चित्राचं नाव फाइलीतच एका ओळीत लिहिलेलं होतं, टॅबलेट तेच वाचून दाखवायचा. आणि हत्याराने ती ओळ बिनकामाची समजून उडवली होती. सुक्याबरोबर ओलंही जळलं होतं. तिने दात-ओठ खात नियमांची अख्खी जंत्री वाचली, नाव पुसायचा नियम बंद केला, दशांशाचे दोन आकडे राखले, आणि मूळ फाइली पुन्हा त्यातून काढल्या.

संध्याकाळी तिने टॅबलेट दिला आणि येरझाऱ्या घालत राहिली. वडिलांनी एका चित्राला बोट लावलं.

“बस,” टॅबलेट म्हणाला.

पुरे झालं असं ते म्हणताहेत, असं तिला वाटलं. ती टॅबलेट उचलायला पुढे झाली. त्यांनी तो छातीशी धरला आणि पुन्हा बोट लावलं. “बस.” तिने वाकून पाहिलं, तर बोट खुर्चीच्या चित्रावर होतं; त्याला ‘बस’ हे नाव तिनेच दिलं होतं.

ती बसली. गुडघा हलतच होता. त्यांनी त्यावर हात ठेवला, तरी हलतच राहिला. त्यांनी मग ‘पाणी’ दाबलं, ती उठायला लागली तेव्हा ‘नको’ दाबलं, आणि आईच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. पाणी आईने आणायचं होतं. आतून आई म्हणाली, ऐकलं हो, ऐकलं.

व्यायामाच्या बाईंनी त्या फाइली इतर रुग्णांसाठी मागून घेतल्या. वडिलांच्या तोंडात पुढे ‘नको’ आणि ‘अगं’ एवढे शब्द परत आले. फलक मात्र त्यांनी सोडला नाही. आता ते लिलावाच्या वेगाने चित्रं दाबतात. पहिला शब्द पुरा व्हायच्या आत त्यांचं बोट तिसऱ्या चित्रावर पडलेलं असतं, आणि आवाज मागे राहतो. सध्या भिंगरी त्या आवाजाचा वेग वाढवायच्या मागे आहे.