धुतलेला कोट

लिहून देणार: मी, सौदीतील अल-खोबर येथे आपल्या लोकांचे अर्ज लिहिणारा. काळ: कुवेतच्या युद्धाचा हिवाळा. साक्षीदार: रत्नागिरीचे दाऊदभाई, जुने कपडे व पुराणवस्तूंचे दुकानदार. जिच्याविषयी लिहीत आहे तिचे नाव: अज्ञात, कारण विचारण्याचे धैर्य झाले नाही.

सदर बाई कुवेतहून जीव वाचवून आलेली. माझ्यादेखत ती दुकानात शिरली; पितळी कॉफीपात्रांकडे तिने पाहिलेही नाही. ती केवळ पुरुषांच्या कोटांचे अस्तर उलटून पाहत होती. एका करड्या कोटातील निळा टाका तिने बोटाने चाचपला.

“हा टाका मी घातलाय. माझ्या मुलाचा कोट आहे हा. तो तिकडेच राहिला.”

कोट कोणी विकला, हे दाऊदभाईंना आठवेना. गिऱ्हाईक बिथरू नये म्हणून ते म्हणाले, “खाला, माल एकदम स्वच्छ! आला की न बघता भिजत घालतो, मग उदाचा धूर देतो.”

मीही मान डोलावून दुजोरा दिला.

बाईने कोट नाकाशी नेला, खाली घेतला आणि हळूच विचारले, “धुण्याआधी यावर रक्त होतं का?”

दाऊदभाई माझ्याकडे वळले. “साहेब, तुमी सांगा काय तरी.”

आयुष्यभर इतरांच्या वतीने लिहीत आलो, म्हणून हा अर्जही मीच लिहायला घेतला.

सबब, ज्या कोणी हा कोट विकला त्याने दुकानी येऊन सत्य सांगावे, ही विनंती. बाई रोज येऊन दाराशी बसते. उत्तर वाईट असले तरी द्यावे, असे तिचेच म्हणणे आहे.