भाड्याची पोकलेन परत का गेली

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईपाशी नाही, चळवळीतल्या एकाही सोबत्यापाशी नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या वाडीतले नाही. हाही भित्रेपणाच, तो आधीच मान्य करून टाकतो.

मी पत्रकं लिहितो. निवेदनं, पत्रकं, मोर्चाचे फलक, गेली कित्येक वर्षं हेच. मला उद्गारचिन्हाशिवाय लिहिता येत नाही, असं सोबती म्हणतात. इथे एकही घालणार नाही.

आमची बौद्धवाडी उतारावर. विहीर खाली, घरं वर, मध्ये जांभ्याच्या पायऱ्यांची अरुंद पाखाडी. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी घेऊन बायका ती चढतात. माझी आईसुद्धा. नळयोजना मंजूर होती — कागदावर. तिच्यासाठी मी तहसील कार्यालयाच्या दारात बसलो, साहेबांच्या गाडीला आडवा गेलो. वाडी मला 'नेते' म्हणायची. थट्टेत म्हणायची, पण म्हणायची. आणि मला ते आवडायचं — किती आवडायचं, ते नंतर कळलं.

मग मे महिन्यात रुपेश रजेवर आला. आमचा शेजारी, शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. जयगडच्या बंदरात मशीन चालवतो. त्याने पालीहून एक छोटी पोकलेन भाड्याने आणली — घरामागचं परसू सपाट करायला आणि शोषखड्डा मारायला. मोठं मशीन आमच्या पाखाडीत शिरतच नाही. हे शिरलं. पायऱ्यांवर फळ्या टाकल्या, आणि दोन्हीकडच्या गडग्यांचा एक दगड न हलवता, रबरी पट्ट्यांवर ते डुलत डुलत वर आलं. अख्खी वाडी बघायला.

दुपारपर्यंत परसू झालं. मग रुपेश घाम पुसत वर बघायला लागला. वर त्याच्या आजोबांची बाग आहे, बागेत झऱ्याची विहीर, उन्हाळ्यातही न आटणारी. तिथून पूर्वी एकदा पाइप टाकला होता, पण जमिनीवरून. वणव्यात जळून गेला. पुरायचा तर जांभ्यात एवढा लांब चर खणणार कोण? पहार मारली की हाताला झिणझिण्या येतात. रुपेश म्हणाला, मशीन आणलंच आहे तर मारून टाकू. पाणी आपल्या उताराने प्रत्येकाच्या दारात येईल.

मारून टाकू. इतकं सोपं होतं ते?

मग मी इतकी वर्षं काय करत होतो?

अनंतभाऊ तेवढे पुढे आले. पंचायत समितीतून निवृत्त झालेले कारकून, आमच्या मंडळाचे चिटणीस, प्रत्येक गोष्टीत नियम बघणारे. म्हणाले, "परवानगी काढलीस काय रे?"

"माझ्या जागेत खणतोय भाऊ. परवानगी कोणाची काढू, गांडुळांची?"

सगळे हसले. भाऊसुद्धा हसले. हे लक्षात ठेवा — भाऊसुद्धा हसले.

रुपेशने मला सीटवर बसवलं. जिवाभावाने बसवलं, खोटं कशाला बोलू. मी भलताच दांडा ओढला आणि बकेट जाऊन फणसाच्या बुंध्यावर आदळला. "उतरा नेते, उतरा," रुपेश ओरडला, "तुमची निवेदनं आणा, पाइपाखाली अंथरायला होतील." पुन्हा हशा. त्यात माझी आई होती. तोंडाला पदर लावून हसत होती. नंतर तिने रुपेशला चहा दिला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "माझ्या गुडघ्यांचे दिवस फिरवलेस बाबा."

माझ्या पाठीवरून तिने असा हात कधी फिरवला होता? आठवून बघितलं. आठवेना.

आता सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी रत्नागिरीत गेलो, एका दुकानातून फोन मागून घेतला आणि मशीनवर रंगवलेल्या नंबरावर त्याच्या मालकाला लावला. तहसील कार्यालयातून बोलतोय म्हणालो. विनापरवाना उत्खननाची तक्रार आली आहे, मशीन जप्त होईल, आजच्या आज हलवा. तो आवाज मला छान जमला. का नाही जमणार? त्याच आवाजात वर्षानुवर्षं मला हाकललं गेलं होतं.

संध्याकाळच्या आत मालकाची माणसं आली आणि तहसीलात तक्रार झालीय म्हणत मशीन घेऊन गेली. चर अर्ध्यावर राहिला. रुपेशची रजा संपली. पावसात चर बुजला.

मागाहून मी स्वतःला समजावलं — पाणी देणं सरकारची जबाबदारी, असं घरगुती पाणी आलं की लढा मोडतो. पत्रकात शोभलं असतं. पण ते खरं नव्हतं. मला रुपेशचा हेवा वाटला. पाणी आलं नसतं तरी चाललं असतं मला, त्याच्या हातून यायला नको होतं. माझ्या आईच्या डोक्यावरचा हंडा मी तसाच राहू दिला.

तक्रार कोणी केली, हे वाडीला विचारावंही लागलं नाही. परवानगीचं कोण बोललं होतं? विहारात बैठक झाली. भाऊ उभे राहिले, म्हणाले, "मी नाही केलं," आणि बसले. मग मी बोललो. घरभेद्यांवर बोललो, वाडीचं पाणी तोडणाऱ्यांवर बोललो, आणि वर म्हणालो की मी कोणाचं नाव घेणार नाही. टाळ्या पडल्या. भाऊंचं चिटणीसपद त्याच बैठकीत गेलं.

पुढच्या हिवाळ्यात रुपेशने पुन्हा मशीन आणलं आणि चर पुरा केला. पाइप कुठवर न्यायचा, यासाठी पुन्हा बैठक. कोणीतरी म्हणालं, ज्याने पाणी अडवलं त्याच्या दारात नळ कशाला? आमच्या आज्या-पणज्यांना कोणत्या पाण्याला हात लावू दिला नव्हता, हे आमच्या वाडीत शिकवावं लागत नाही. सगळ्यांना पाठ आहे. तरी हात वर झाले. माझा सगळ्यांत आधी झाला — मागे राहिलो असतो तर कोणी विचारलं असतं, का रे?

पाइप आमच्या अंगणात संपतो. त्यापुढचं घर भाऊंचं.

ते आमच्याच नळावर येतात. आईने त्यांना कधी अडवलं नाही. एकच कळशी आणतात, ती भरेपर्यंत माझ्याशी बोलतात. वाडीत दुसरं कोणी त्यांच्याशी फारसं बोलत नाही. माझी पत्रकं वाचतात, शुद्धलेखनाच्या चुका दाखवतात.

परवा कळशी भरत आली तेव्हा खाली बघत म्हणाले, "मी ते केलं नाही रे. तुला तरी पटतं ना?"

"पटतं, भाऊ," मी म्हणालो. "मला माहीत आहे."

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, कळशी उचलली आणि आपल्या घराकडे गेले.