छोट्या लाइनीवरचा बंदोबस्त

बडोद्याच्या कडेने पूर्वी आगगाडीची छोटी लाइन जात असे. ती बंद पडली, रूळ उचलले गेले, आणि दोन हजार सालाच्या सुमारास उरलेल्या भरावावर लाल माती टाकून चालण्याचा रस्ता झाला. डावी बाजू चालणाऱ्यांची, उजवी सायकलवाल्यांची, आणि टोकाला पोरांच्या स्केटिंगसाठी सिमेंटचा एक तुकडा. लोक त्याला ट्रॅक म्हणत. उदयसिंहराव त्याला लाइन म्हणत आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकाला मनातल्या मनात गाढव म्हणत.

तसं पाहिलं तर फार चुकत नव्हते. अलकापुरीतली पैसेवाली माणसं मोटारीत बसून चालायला येत. एक फेरी जेमतेम मारत आणि फाटकाबाहेरच्या हातगाडीवर फाफडा-जिलेबीला उभी राहत, म्हणजे गेलेलं वजन घरी पोचायच्या आत परत. बायका दोन पावलं चालून तीन मिनिटं बोलत. एक कंपू गोल करून तब्येतीसाठी हात वर करून हसायचा. कारण नसताना हसणाऱ्या माणसाला उदयसिंहरावांच्या घराण्यात शहाणं समजत नसत.

आता घराण्याचंही सांगून टाकतो, नाहीतर ते स्वतः सांगतील आणि मग संध्याकाळ होईल. पणजोबा संस्थानच्या पागेत शिलेदार. आजोबांपर्यंत दारात घोडा होता. वडिलांच्या वेळी खोगीर उरलं होतं. उदयसिंहरावांच्या वाट्याला आला तो खोगिराचा विषय. ते स्वतः एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते, आणि परदेशी माल येऊ लागल्यावर कारखान्याने माणसं कमी करायला घेतली तेव्हा स्वेच्छानिवृत्तीचा पहिला कागद त्यांच्यापुढे सरकवला गेला. "आम्हीच सोडली," असं ते सांगत. ऐकणारे मान डोलवत आणि विषय बदलत.

मग ते घरी बसले, आणि कौशल्याबाईंचे दिवस फिरले. चौतीस वर्षं संसार केलेल्या बाईला गॅस कसा पेटवायचा, कांदा कुठून चिरायचा, दूधवाल्याशी कसं बोलायचं, हे सगळं त्यांना नव्याने शिकवलं जाऊ लागलं. मुलगा पुण्याला होता, सून हुशार होती, म्हणून दोघंही फोनवर दोन वाक्यांत आटपत. चुलतभाऊ पिलाजीराव समाजाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसायचे आणि उदयसिंहरावांना हात करून मागची खुर्ची दाखवायचे. एवढं जग, पण त्यांचं ऐकणारं एकही माणूस नाही, हे त्यांचं खरं दुखणं होतं.

ते लाइनीवर बरं झालं. देखरेखीच्या ठेकेदाराने ठेवलेला चौकीदार आठवड्याभरातच करजणला आपल्या गावी पळाला होता. उदयसिंहराव पहाटे सगळ्यांच्या आधी येत, कारखान्याची जुनी खाकी पॅन्ट घालून, कारण कापड अजून टिकून होतं, आणि हातात काठी घेऊन फाटकाशी उभे राहत. मिशा तर घराण्याच्याच. एके दिवशी एक सायकलवाला डावीकडून आला. उदयसिंहरावांनी काठी आडवी धरली आणि दरडावून त्याला पलीकडे जायला सांगितलं. तो चक्क उतरला, सॉरी म्हणाला आणि उजवीकडे गेला.

रक्त बोलतंच, असं उदयसिंहरावांनी त्या दिवशी घरी येऊन कौशल्याबाईंना सांगितलं. बाई मटार सोलत होत्या. त्यांनी मटार सोलले.

त्यानंतर त्यांनी लाइन ताब्यातच घेतली. कुत्रा आणणाऱ्याला परत पाठवलं. हसणाऱ्या कंपूला हसायचंच असेल तर झाडांमागे जाऊन हसायला लावलं. लोक निमूट ऐकत. उलट सकाळी आत येताना "केम छो काका" म्हणून हात जोडत. कोणी म्हणे, "काका, जरा स्कूटरनुं ध्यान राखजो," आणि किल्ली हातात देऊन जाई. नळाला पाणी नसलं तर ते कधी येणार हे त्यांनाच विचारलं जाई. माणसाचा विश्वास असा मिळवावा लागतो, असं ते म्हणत. दुसऱ्या कुणाही शहाण्याला पहिल्या आठवड्यात जे कळलं असतं ते त्यांना दोन वर्षं कळलं नाही, कारण या लोकांबद्दल त्यांना एवढी तुच्छता होती की ते आपल्याबद्दल काही ठरवत असतील हे डोक्यातच आलं नाही.

दिवाळीच्या आधी चालणाऱ्यांच्या मंडळाचे सेक्रेटरी किरीटभाई अमीन त्यांच्याजवळ थांबले. दिवाळीनंतरच्या लाभपाचमेला मंडळाचं स्नेहमिलन होतं. "जरूर आवजो, काकीनेय लेता आवजो," किरीटभाई म्हणाले. "तमारुं सन्मान करवानुं छे." मंडळाला अजून अध्यक्ष नव्हता, हे उदयसिंहरावांना माहीत होतं. तेवढ्यावर त्यांनी स्वतःला निवडून टाकलं. पुण्याला फोन केला. पिलाजीरावांना स्वतः जाऊन आमंत्रण दिलं, आणि पहिल्या रांगेतली जागा राखतो म्हणून सांगितलं.

लाभपाचमेला ते बंद गळ्याचा कोट आणि लाल पगडी घालून गेले. फाटकाशीच एका मोटारवाल्याने कौतुक केलं, "वाह काका, आज तो हॉटेलना दरवान जेवा लागो छो." मूर्खाला घराण्याची पगडी आणि हॉटेलच्या दरवानाचं पागोटं यांतला फरक काय कळणार, म्हणून त्यांनी तेही सोडून दिलं.

मांडवाखाली खुर्च्या होत्या. पिलाजीराव ऐटीत बसले होते. किरीटभाईंनी माइक घेतला. आधी ट्रॅक झाडणाऱ्या बाईला पुढे बोलावून मिठाईचा डबा आणि साडी दिली. मग ते म्हणाले, "अने हवे आपणा चोकीदारकाका," आणि टाळ्या वाजल्या. वारा असो, थंडी असो, काकांनी एक दिवस खाडा केला नाही, असं भाषण झालं. डबा आला, शर्ट-पॅन्टचं खाकी कापड आलं, काकींसाठी साडी आली.

उदयसिंहराव उठून उभे राहिले होते. तोंड उघडायचाच अवकाश होता. घराणं, पागा, शिलेदारी सगळं तयार होतं. त्यांनी मांडवभर नजर फिरवली. अरे, हे चौकीदार कुठले, असं एकाच्या तरी तोंडावर दिसेल म्हणून शोधलं. लोक प्रेमाने हसत होते. टाळ्याही खऱ्या होत्या. पिलाजीराव खाली मान घालून बूट बघत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. कौशल्याबाईंनी डोक्यावर पदर घेतला, पुढे होऊन साडी दोन्ही हातांनी घेतली आणि नवऱ्याच्या हातात कापड ठेवलं.

रिक्षात उदयसिंहराव बरंच बोलले. गुजराती माणूस, पैशाचा माज, काळ कसा आला आहे. उद्यापासून त्या लाइनीवर पाऊल ठेवणार नाही, म्हणाले.

"का?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"का म्हणजे? आम्ही कोण ते त्यांना ठाऊक तरी आहे का?"

"नाही, म्हणूनच तर ऐकतात." बाई रस्त्याकडे बघत होत्या. "तुम्ही कोण ते आम्हाला ठाऊक आहे. आम्ही ऐकतो का तुमचं?"

इतक्या वर्षांत त्या एवढं कधी बोलल्या नव्हत्या. घरी आल्यावर उदयसिंहरावांनी कोट काढला, आणि दोन दिवस ते खुर्चीत बसून राहिले. गॅसबद्दल, कांद्याबद्दल काही बोलले नाहीत. त्यांना आतून लाज वाटत होती, आणि लाज कशी बाळगायची हे घराण्यात कुणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कापडाची घडी पिशवीत घालून ते जुन्या शहरातल्या मांडवीत गेले. ओळखीच्या शिंप्याकडे नाही, लांबच्या गल्लीतल्या. शिंपीही मराठीच निघाला. त्याने कापड चोळून पाहिलं आणि विचारलं, "कुणासाठी शिवायचं, काका?"

"आमच्या चौकीदारासाठी," उदयसिंहराव म्हणाले. "नीट शिवा. कामाचा माणूस आहे."

"मग त्याला घेऊन या की. मापाशिवाय कसं शिवू?"

उदयसिंहरावांनी दुकानात इकडेतिकडे पाहिलं. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात बाजूला पसरून उभे राहिले.

"माझंच घ्या," ते म्हणाले.