स्ट्रेचरचं दुसरं टोक

उकळून उन्हात वाळवलेल्या कापसाला एक कोरा, किंचित गोडसर वास असतो. जालन्याच्या मस्तगडात ज्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, त्याच्या गच्चीवर हा वास उन्हाळ्यातल्या दुपारी नुसता साचून राहायचा, आणि त्या पांढऱ्या पसाऱ्यात उकिडवा बसलेला इस्माईल बोटांनी कापूस विंचरताना असा काही तल्लीन होई, की जखमांसाठी नव्हे, कुणा बाळाच्या दुलईसाठीच तो हे करतो आहे असं वाटावं. तो पिंजारी, आम्ही दोघं एकाच गावचे, भोकरदनच्या अंगाला पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडे असलेल्या एका लहानशा वस्तीचे. माझ्या घरी शेती. त्याच्या घरी पिंजण आणि अम्मा.

हैदराबाद राज्याच्या राखीव फौजेत मलमपट्टी करणारी माणसं हवी आहेत, ही खबर त्या दवाखान्यातच कानी आली. मला वैद्यकी शिकायची होती, आणि हैदराबादेला जाऊन शिकण्याची वाट वडिलांनी कधीच बंद केली होती. फौजेत काही महिने शिकवतील, मग घरी सोडतील, गरज पडली तर बोलावतील. अशी ही मागच्या दाराची वैद्यकी मला पुरेशी वाटली. इस्माईल नुसता हसला. म्हणाला, “कापूस तर आपलाच धंदा है, दिगूभाऊ. मी बी येतो.”

वडील ओसरीवर बसले होते. मी सांगितलं तशी त्यांनी मान वर केली.

“कुणाच्या वतीनं चाललास, त्याचा इचार केलास का?”

“लढाया न्हाई चाललो, दादा. पट्टी बांधाया चाललो.”

“वर्दी तर तीच ना?”

तारुण्यात प्रश्नाचा पोत कळत नाही. फक्त त्यातला विरोध कळतो.

कुंडलिकेच्या काठच्या मैदानावर आम्ही शिकलो. उंची सारखी म्हणून इस्माईलची आणि माझी जोडी लागली. तो पुढे, मी मागे. वाहणारं रक्त कुठे दाबायचं, मोडलेल्या हाडाला फळी कशी बांधायची, आणि या साऱ्याहून अवघड म्हणजे स्ट्रेचर घेऊन चालायचं कसं. पुढच्यानं डावा पाय टाकला की मागच्यानं उजवा टाकायचा, म्हणजे जखमी माणूस हिंदकळत नाही. त्याचे पाय नेहमी पुढे, डोकं मागे. कारण चेहऱ्यावर नजर ठेवणं हे मागच्याचं काम. त्या लयीत चालताना नदीवरून ओल्या वाळूचा वारा यायचा, आणि आपण कुणाच्या तरी वेदनेचा भार हलका करायला जन्मलो आहोत असा एक निर्मळ, जवळजवळ मूर्ख आनंद मनात भरून राहायचा.

शिकून आम्ही गावी परतलो, आणि मग अठ्ठेचाळीस साल आलं. राज्याच्या बाजूची वर्दीतली हत्यारबंद माणसं गावं लुटू लागली, पेटवू लागली. सोयऱ्यांकडे गेलेली आमच्या गावची माणसं अशाच एका जाळपोळीत सापडली ती परत आलीच नाहीत. त्यांत शेजारच्या नानांचा मुलगा होता, माझ्याच वयाचा. त्याच पावसाळ्यात आम्हाला बोलावणं आलं. जालन्याबाहेरच्या एका जिनिंगच्या शेडमध्ये आमची मलमपट्टीची चौकी लागली. आम्ही कापूस रचून ठेवला, पाणी उकळत ठेवलं आणि वाट पाहिली. हिंदी फौज आली, राज्य संपलं, आमचे अंमलदार कधी निघून गेले तेही कळलं नाही. आमच्या चौकीवर एकही जखमी आला नाही.

“चला मंग घरी,” इस्माईल म्हणाला. “अम्मा वाट बघून राह्यली असंल.”

स्ट्रेचर टाकून द्यायला त्याचा जीव होईना. चांगलं कापड आहे, म्हणाला. तेच खांद्यावर आणि उरलेला कापूस, पट्ट्या झोळीत घेऊन आम्ही निघालो. पितृपंधरवडा लागला होता. बांधावर तरवड पिवळाधमक फुलला होता, ज्वारी पोटरीला येत होती, आणि इतक्या उदार उन्हात काही वाईट घडेल अशी शंकासुद्धा कृतघ्नपणाची वाटावी. अंगातली वर्दी उतरवावी, हे आम्हाला सुचलं नाही. आमच्याकडे दुसरे कपडेही नव्हते.

गावाच्या शिवेवर माणसं उभी होती. सगळी ओळखीची. कुणी रस्ता अडवला नाही, कुणी आरडाओरडा केला नाही. फक्त आम्ही जवळ पोहोचलो तसे नाना पुढे आले आणि मागून माझे दोन्ही दंड त्यांनी धरले.

“तू आपला हाईस, दिगंबर. बाजूला व्हय.”

“नाना, ह्यो बी आपलाच हाय. इस्माईल हाय ह्यो.”

“बाजूला व्हय म्हन्लं ना.”

त्यांच्या हातांत एवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं. दोघांच्या अंगावर वर्दी एकच होती. फरक फक्त नावांत होता, आणि तो सगळ्यांना पाठ होता. इस्माईलनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग काठ्या आणि विळे मध्ये आले.

सारं संपल्यावर ते पांगले, दूर गेले नाहीत. मी गुडघ्यांवर बसून शिकवलेलं सारं केलं. जिथे दाबायचं तिथे दाबलं, त्यानंच विंचरलेला कापूस भरला, पट्टी आवळली. त्याचा श्वास चालू होता. जालन्याला पोहोचवला तर वाचेल, असं मी स्वतःला सांगत होतो. त्याला स्ट्रेचरवर घेतलं, मागचे दांडे धरले आणि मान वर केली.

“कुणीतरी पुढं धरा,” मी म्हणालो. “एकट्यानं न्हाई उचलत.”

ज्यांच्या तापात मी रात्री जागलो होतो, ज्यांच्या मुलांचे कान फुटल्यावर औषध घातलं होतं, त्या साऱ्यांकडे मी आळीपाळीनं पाहिलं. द्वेष त्यांच्या चेहऱ्यांवर उरला नव्हता. एक थकवा होता, आणि आपण हललो तर शेजारचा पाहील ही भीती. वडील वेशीपर्यंत आले होते. त्यांनी मान खाली घातली.

अम्मा आली ती अनवाणी. ती रडली नाही. मुलाच्या कपाळावरून हात फिरवला, पदर खोचला आणि पुढचे दांडे उचलले.

ती बुटकी. स्ट्रेचर पुढे कललं, तोल सांभाळण्यासाठी मला वाकून चालावं लागलं. आम्ही जालन्याच्या वाटेला लागलो तेव्हा मागे गावातली दारं उघडीच होती. तिला पावलांची ती रीत कुणी शिकवली नव्हती. माझंच पाऊल मी तिच्या पावलाशी उलटं जुळवीत राहिलो, तो हिंदकळू नये म्हणून. ओढ्याजवळ, निवडुंगाच्या कुंपणापाशी, त्याचा चेहरा बदलला. मागचा मी, मलाच ते दिसलं. अम्माची पाठ माझ्याकडे होती. सांगावं असं वाटलं आणि सांगता आलं नाही. जोवर ती चालते आहे तोवर तिच्यासाठी तो जिवंत आहे, आणि माझ्या हातून त्याच्यासाठी होण्यासारखं आता एवढंच उरलं आहे, या विचारानं मी ओढा ओलांडून, काळ्या रानातून, उन्हाच्या त्या अनंत शांततेतून तिच्यामागे चालत राहिलो.

बऱ्याच वेळानं ती थांबली. वळली नाही.

“रख दे बाबा,” ती म्हणाली. “मेरेकू मालूम है.”

अम्मा नंतर जालन्याला तिच्या बहिणीकडे गेली. मी गावातच राहिलो. वडिलांशी त्या दिवसाविषयी एकदाही बोलणं झालं नाही. एका छपराखाली, एका ओसरीवर, आम्ही ते न बोललेलं सोबत घेऊन म्हातारे होत गेलो. कुणाला काही लागलं-खुपलं की माणसं पुन्हा माझ्याकडेच येऊ लागली, कारण दुसरं कुणी नव्हतं.

एका सुगीत नाना आले. ज्वारी कापताना तळहात चिरला होता. मी पाणी कोमट केलं आणि त्यांचा हात माझ्या हातांत घेऊन धुऊ लागलो. जखम धुताना ती कुणाची हे विचारू नये, असं आम्हाला शिकवलं होतं. मी विचारलं नाही. वाकलेल्या बोटांचा, घट्ट्यांचा हात. याच हातांनी मला जिवंत ठेवलं, आणि याच हातांनी मला त्याच्यापर्यंत जाऊ दिलं नाही. नानांच्या डोळ्यांत पाणी होतं. जखमेचं होतं की मुलाचं, मला कळलं नाही. मी पट्टी आवळत असताना ते हळूच म्हणाले, “जरा ढिली बांध.”

मी ती सोडली आणि पुन्हा बांधली.